सेन्सर लावाल, पण पूल बंद कोण करणार?

भोसरी किंवा वाळूजच्या एखाद्या प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मोठ्या प्रेसजवळ उभं राहिलं, की तिच्या खांबांवर बोल्टने आवळलेल्या लहान पेट्या दिसतात. त्यांच्या आत स्ट्रेन गेज असतात. प्रत्येक स्ट्रोकला प्रेसची पोलादी फ्रेम किंचित ताणली जाते, डोळ्यांना दिसणार नाही इतकी. गेज तो ताण मोजतं आणि बाजूच्या टनेज मॉनिटरवर प्रेसच्या दाबाचा टनांतला आकडा उमटतो. डायमध्ये, म्हणजे साच्यात, कापून निघालेला तुकडा (स्लग) अडकला, किंवा दोन कोरे पत्रे (ब्लँक) एकमेकांना चिकटून आत गेले, तर टनेज एकदम चढतं. ठरवलेली लिमिट ओलांडली की प्रेस जागच्या जागी थांबते. ती ऑपरेटरला विचारत नाही, मॅनेजरच्या मीटिंगची वाट बघत नाही. पुन्हा सुरू करायची तर किल्ली सुपरवायझरकडे असते, आणि डाय उघडून बघितल्याशिवाय तो ती फिरवत नाही.

या सगळ्यात सेन्सर ही सर्वांत साधी गोष्ट आहे. खरी अक्कल आहे ती नियमात: थांबायला कुणाची सही लागत नाही, चालू करायला लागते. आपल्या रस्त्यांवरच्या पुलांना हाच नियम लागू झाला पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे. आज तिथे नेमका उलटा कारभार आहे. पूल चालू ठेवायला कुणालाच काही करावं लागत नाही. बंद करायचा म्हटलं की अहवाल लागतो, बैठक लागते, पर्यायी रस्त्याचा आराखडा लागतो, आणि शेवटी आपल्या नावाने सही करायची हिंमत असलेला एक माणूस लागतो. तो माणूस मिळेपर्यंत वाहनं जात राहतात.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं त्या अंधारात नदीत गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला धोकादायक नसल्याचं सांगितलं गेलं होतं. १४ मार्च २०१९ ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला, ७ जणांचा जीव गेला. त्याचंही स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं, किरकोळ दुरुस्ती सुचवून पूल वापरायला योग्य ठरवलेला होता. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने पडला, ४ जण गेले. तिथे तर पूल धोकादायक असल्याचा फलकच लावलेला होता. एके ठिकाणी पाहणीत धोका दिसला नाही, दुसऱ्या ठिकाणी दिसला तो कमी धरला गेला, तिसऱ्या ठिकाणी सगळ्यांना माहीत होता. तिन्ही ठिकाणी पूल मात्र उघडाच होता.

म्हणूनच ‘स्मार्ट मटेरियल’, म्हणजे ताण किंवा तडा स्वतः जाणणारं, कधी त्याला जुळवूनही घेणारं बांधकामाचं साहित्य, या विषयावरची भाषणं ऐकताना मला अस्वस्थ व्हायला होतं. भाषणात साहित्याचं कौतुक असतं, आणि ते कौतुक रास्तच आहे. पण तेवढ्यावर गोष्ट थांबते.

आधी कौतुकाचं बोलू, कारण ते मनापासून करण्यासारखं आहे. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यात विद्युतभार तयार होतो, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. आज त्याच तत्त्वावरची सिरॅमिकची चकती काँक्रीटच्या गर्डरवर चिकटवली, की आतली पोलादी तार तुटल्याचा आवाज ती टिपते. हे किती मोलाचं आहे ते गोव्याने फार महाग शिकलेलं आहे. पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल १९७० च्या सुमारास झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला. जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा पूल. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या पुलाची ताकद ज्या ताणलेल्या तारांत असते, त्याच गंजल्या होत्या. या तारा काँक्रीटच्या पोटात, नळीत बंद असतात. खाऱ्या हवेतलं क्लोराइड आत पोचतं, तार गंजते, एकेक करून तुटते, आणि बाहेरून पूल रंगवलेला, ठणठणीत दिसत राहतो. हातोडी ठोकून पाहणी करणाऱ्या अनुभवी इंजिनिअरलाही हे कळेलच असं नाही. आतली तार तुटताना ऐकणारं साहित्य इथे माणसाच्या डोळ्यांच्या पलीकडचं काम करतं.

दुसरं साहित्य म्हणजे काचेचा तंतू. साधारण केसाएवढा जाड. त्याच्या गाभ्यात अतिनील लेसरने अगदी जवळजवळ रेघांची जाळी कोरलेली असते. तंतूतून प्रकाश सोडला की ही जाळी एकाच ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवते. तंतू ताणला गेला की रेघांमधलं अंतर वाढतं आणि परत येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सरकते. एक मीटर लांबीचा भाग एक हजारांश मिलिमीटरने वाढला, तरी ते यात मोजता येतं. काँक्रीट ताणाखाली साधारण याच्या शंभर ते दीडशे पटीला तडकतं. म्हणजे तडा दिसण्याच्या कितीतरी आधी हालचाल कळते. एकाच तंतूवर अशा अनेक जाळ्या बसतात, मोजणीच्या जागी वीज लागत नाही, आणि मुख्य म्हणजे काच गंजत नाही. कोकणपट्टीला यापेक्षा सोयीचं काय असणार?

काही साहित्य जाणण्यापुरतं थांबत नाही, स्वतः जुळवूनही घेतं. निकेल आणि टायटॅनियमचा नितिनॉल हा मिश्रधातू सहा-सात टक्के ताणला तरी भार काढताच मूळ आकारात येतो. पोलाद एक टक्क्याच्या बरंच अलीकडे कायमचं वाकतं. १९९७ च्या भूकंपात इटलीतल्या असिसीच्या सेंट फ्रान्सिस बॅसिलिकेचं नुकसान झालं, तेव्हा जीर्णोद्धारात या जातीच्या मिश्रधातूची उपकरणं वापरली गेली. सिएटलमध्ये एका उड्डाणपुलाच्या रॅम्पचे खांब याच धातूच्या सळ्या आणि लवचीक काँक्रीट वापरून बांधले, जेणेकरून भूकंपानंतर खांब पुन्हा सरळ उभा राहावा. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या हेंक योंकर्स यांनी काँक्रीटमध्ये जिवाणू आणि त्यांचं खाद्य मिसळलं. तडा पडून पाणी आत आलं की जिवाणू जागे होतात आणि चुनखडी तयार करून तो तडा बुजवतात.

कोयना आणि किल्लारी सोसलेल्या राज्याला हे सगळं हवंहवंसं वाटणारच. पण एक गोष्ट भाषणांत येत नाही. बुजलेला तडा पाणी अडवतो, सळी गंजण्यापासून वाचवतो, आणि ते उपयोगाचं आहे. मात्र तडा मुळात का पडला, ट्रकमध्ये दुप्पट माल होता म्हणून की पाया खचला म्हणून, याचं उत्तर त्या चुनखडीत नसतं. जुळवून घेणारं साहित्य कारण झाकूनही टाकू शकतं. म्हणून माझा आग्रह असा, की जे साहित्य स्वतःला सावरतं त्याच्याजवळ ते कधी आणि किती सावरलं याची नोंद ठेवणारं दुसरं साहित्य असलंच पाहिजे. नाहीतर आपण पुलाला निमूटपणे सोसायला शिकवू, आणि तो एके दिवशी सोसण्याच्या पलीकडे जाईल.

आता मुख्य मुद्दा. साहित्याने सांगितलेलं कुणी ऐकलं नाही तर काय होतं, याची दोन उदाहरणं परदेशातली आहेत, आणि दोन्ही श्रीमंत देशांतली. १ ऑगस्ट २००७ ला अमेरिकेत मिनिआपोलिस इथे मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पूल कोसळला, १३ माणसं गेली. चौकशीत निघालं की सांध्यांवरच्या गसेट प्लेट, म्हणजे तुळया एकमेकींना जोडणारे पोलादी पत्रे, मूळ डिझाइनमध्येच पातळ होत्या, एक इंच हव्या त्या ठिकाणी अर्धा इंच. पण मला जास्त खुपते ती दुसरी गोष्ट. २००३ मध्ये काढलेल्या फोटोंत त्या प्लेट फुगून वाकलेल्या स्पष्ट दिसतात. पोलादाने चार वर्षं आधी आपलं दुखणं उघड दाखवलं होतं. फोटो निघाला, जपून ठेवला गेला, आणि वाहतूक चालू राहिली. तिथे नवा पूल २००८ मध्ये उभा राहिला, त्यात तीनशेहून अधिक सेन्सर आहेत.

दुसरं उदाहरण इटलीतल्या जेनोवाचं. १४ ऑगस्ट २०१८ ला मोरांडी पूल पडला, ४३ मृत्यू. त्याच्या आदल्या वर्षी मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या अभ्यासकांनी पुलाच्या तिरप्या आधारांचं कंपन मोजून त्यात वेगळेपण असल्याचं नोंदवलं होतं आणि कायमस्वरूपी मोजणी यंत्रणा बसवायला सांगितलं होतं. मोजमाप होतं, विद्यापीठाचा अहवाल होता, दुरुस्तीचा प्रकल्प कागदावर होता. फक्त पूल बंद करणारं कुणी नव्हतं.

आपल्याकडे याचं उत्तर रेल्वेने केव्हाच काढलेलं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. रामेश्वरला जाणाऱ्या पांबनच्या जुन्या रेल्वेपुलावर वारा मोजणारं यंत्र थेट सिग्नलला जोडलेलं होतं. वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल आपोआप लाल. स्टेशनमास्तरच्या मर्जीवर काही नाही. कोकण रेल्वेने रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर, गोव्यात मांडवी आणि जुवारीच्या पुलांवर वारा मोजणारी यंत्रं बसवली, तर काळ, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांवरच्या पुलांवर पूर-इशारा यंत्रं. सावित्री तीच, जिच्यावरचा रस्त्याचा पूल २०१६ मध्ये गेला. रेल्वेला हे जमतं, कारण तिथे ‘धोका कळला की गाडी थांबते’ ही शिस्त सिग्नलच्या पहिल्या दिवसापासून आहे. रस्त्याला सिग्नल आहेत ते चौकात. पुलाच्या दोन्ही टोकांना पुलाची प्रकृती सांगणारा लाल दिवा नाही.

तेव्हा मागणी अशी. मोठ्या पुरात बुडणारे जुने दगडी पूल, खाडीवरचे प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचे पूल आणि ज्यांच्यावर आधीच भारमर्यादा घातली आहे असे पूल, एवढ्यांवर तरी जाणणारी यंत्रणा बसवावी. प्रत्येक पुलाचा धोक्याचा आकडा डिझाइन करणाऱ्या अभियंत्याने आधी लिहून द्यावा. आकडा ओलांडला की दोन्ही टोकांचे फाटक आपोआप पडावेत. आणि तो फाटक उघडायला सही लागावी, तपासणी करून, नाव आणि वेळ लिहून. बंद करायला नको, उघडायला.

यावर पहिला आक्षेप येतो तो खोट्या गजराचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काँक्रीट एका अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे एक शतांश मिलिमीटर प्रसरण पावतं. चाळीस मीटरचा गर्डर पहाटेपासून भर दुपारपर्यंत १५ अंशांनी तापला तर सहा मिलिमीटर लांब होतो. ट्रकमुळे पडणारा ताण याच्यापुढे अगदी मामुली. वर काचेचा तंतू स्वतःही तापमानाने सरकतो. कच्चं वाचन तसंच धरलं तर मे महिन्यात फाटक रोज दुपारी पडेल, आणि आठवड्याभरात कुणीतरी वायर काढून ठेवेल. कारखान्यातही हेच होतं: लिमिट चुकीची ठेवली, मशीन उगाच ट्रिप व्हायला लागली, की शिफ्टचा टार्गेट गाठायला कुणीतरी सेन्सर बायपास करतो. एकदा बायपासची सवय लागली की ती यंत्रणा नसल्यात जमा. म्हणून पहिलं एक वर्ष नुसतं ऐकण्यात घालवावं लागतं. उन्हाळा, पावसाळा, थंडी, गणपतीत मुंबईहून कोकणात उतरणारी गर्दी, ऊस वाहतुकीचा हंगाम, या सगळ्यात निरोगी पूल कसा वागतो ते नोंदवायचं. शेजारी तापमानाचा वेगळा तंतू ठेवायचा. आणि दोन वेगळ्या जातींच्या सेन्सरनी एकच गोष्ट सांगितली तरच फाटक पाडायचा. हे सगळं माहीत असलेलं शास्त्र आहे. ते न करता यंत्र बसवून फीत कापली, तर दोष साहित्याचा नव्हे.

दुसरा आक्षेप पैशाचा: दुरुस्तीलाच निधी नाही, तिथे सेन्सर कशाला? केंद्राच्या पूल व्यवस्थापन प्रणालीने २०१६ पासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या पूल आणि मोऱ्यांची यादी केली, ती दीड लाखाच्या वर जाते. सगळ्यांना काचेचे तंतू लावा असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण निधी अपुरा आहे म्हणूनच कुठला पूल आधी दुरुस्त करायचा हे मोजून ठरलं पाहिजे, आमदारांच्या पत्रांच्या उंचीवरून नव्हे. शिवाय ओढ्या-नद्यांवरच्या जुन्या दगडी पुलांना फार महागडी साधनंही लागत नाहीत. पाण्याची पातळी, पाण्याने पायाजवळची माती किती उकरली आणि खांबाचा कल एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

पैशाचं खरं दुखणं वेगळीकडे आहे. यंत्रणा बसवायला भांडवली निधी मिळतो, ती जागी ठेवायला मिळत नाही. कंत्राटदाराची हमी संपते, सौर पॅनेलवर धूळ साचते, डेटाच्या सिमचा रिचार्ज कुणाच्या बिलात बसत नाही, केबल उंदीर कुरतडतात, आणि डॅशबोर्डचा पासवर्ड बदली झालेल्या अधिकाऱ्याबरोबर निघून जातो. म्हणून वाचन देणारं यंत्र मुकं झालं तर त्याचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा न लावता ‘धोका’ असाच लावला पाहिजे. ठरावीक तास वाचन आलं नाही तर आधी जड वाहनं बंद. हा एक नियम केला तरी सिमचा रिचार्ज वेळेवर व्हायला लागेल.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात कमी पटतो: आकडे लोकांसमोर ठेवले तर घबराट पसरेल. कोल्हापूरकराला विचारा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे तिथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी जुलै-ऑगस्टमध्ये लोक तासातासाला बघतात. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले यावर पुण्यात नदीकाठच्या वस्तीत सामान माळ्यावर चढतं. शेतकरी ३९ फूट ऐकला की जनावरं हलवायला लागतो, कुणाच्या आदेशासाठी थांबत नाही. या राज्यातल्या माणसांना आकडा वाचता येतो आणि त्यावर वागताही येतं. मग नदीच्या पाण्याचा आकडा ज्यांना देतो, त्यांच्यापासून त्याच नदीवरच्या पुलाचा आकडा लपवायचा कशासाठी? प्रत्येक पुलाचं वाचन, त्याची इशारा पातळी आणि धोका पातळी जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर आणि पुलाच्या तोंडाशी फलकावर रोज दिसली पाहिजे. हे वाचन कंत्राटदार कंपनीच्या मालकीचं नसावं, ही अटही निविदेतच हवी.

साहित्य जाणतं झालं म्हणून माणसं कमी करण्याचा मोह खात्यांना होईल, तोही वेळीच रोखायला हवा. सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली असायचे. आपल्या टापूतला रस्ता आणि मोरी त्यांना तोंडपाठ असे. पाणी कुठून वळलं, कुठे खडी निसटली, कुठल्या खांबापाशी भोवरा नवा आहे, हे त्यांना चालता चालता दिसे. तंतू बसवलाय तिथलं तंतू सांगेल. जिथे बसवला नाही तिथलं सांगायला चालणारा माणूसच लागतो.

आणि एक गोष्ट सरकारने आधीच मान्य करून टाकावी. आपोआप फाटक पडणारे पूल कधीतरी विनाकारण बंद होतील. सणाच्या दिवशी होतील, मंत्र्यांच्या दौऱ्यात होतील, दूध आणि भाजीच्या गाड्या अडकतील, ऊस कारखान्याच्या दारात पोचायच्या आधी वाळेल. तपासणीत पूल धडधाकट निघेल आणि लोक चिडतील. त्या दिवशी फाटक न उघडता तपासणी पुरी करणाऱ्या उपअभियंत्याची बदली होणार नाही, त्याच्या गोपनीय अहवालात त्याविरुद्ध शेरा पडणार नाही आणि नुकसानभरपाईचा दावा त्याच्या नावाने लागणार नाही, असं शासन निर्णयात शब्दात लिहिलेलं असायला हवं. हे संरक्षण पुलाच्या मंजुरीबरोबरच द्यावं, पहिला सेन्सर चिकटवण्याच्या आधी.